न्यू मोहिनी ब्रास बँडचा चेक

बँडवाल्याकडे किस्से फार साठतात, कारण बँडवाल्याचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं. नवरदेव अजून न्हायलाय कुठं, घोडी यायचीय, मामा रुसलाय, लाईट गेलीय! आपण ड्रेस घालून, वाद्य गळ्यात अडकवून लिंबाखाली बसायचं आणि एकमेकांना त्याच त्याच गोष्टी सांगायच्या. मी पुणतांब्याकडच्या एका बँडमध्ये बरीच वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. त्या दिवसांतलं बाकी पुष्कळ विसरलो, पण एका चेकनं आमचा जो जीव खाल्ला, ते काही विसरता येत नाही. सांगायला लागलो की लोक हसतात. मला मात्र आजही दमायला होतं.

काळ नव्वदीतला. बँडचं नाव ‘न्यू मोहिनी ब्रास बँड’. आमचे म्होरके लहानूमास्तर, साठीला टेकलेले, कॉर्नेट वाजवायचे. मोठ्या ढोलावर बापू. ट्रंपेटवर याकोब. बाकी साईड ड्रम, खुळखुळा वगैरे धरून दहा-बारा माणसं. आणि मी मिलिंद, अख्ख्या बँडमध्ये बारावी पास एकटाच. त्यामुळे कागद म्हटला की तो माझ्याच गळ्यात!

०००

तोवर आमचा सगळा व्यवहार रोकडा. वरात संपली की वधूबाप खिशातून नोटा काढणार, मास्तर तिथंच पिंपळाखाली वाटून टाकणार, विषय संपला. पण एका शिक्षणसंस्थेचा मोठा वर्धापनदिन आला. मंत्री येणार, पालखीत ग्रंथ ठेवून मिरवणूक निघणार. आम्ही दोन दिवस घसा आणि ओठ फुटेस्तोवर वाजवलं. शेवटी ऑफिसात गेलो तर हेडक्लार्कनं नोटांऐवजी एक चेक पुढं केला. वर दोन तिरप्या रेघा, आणि मधोमध टाईप केलेलं, ‘न्यू मोहिनी ब्रास बँड’.

मास्तरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. बाहेर येऊन सगळ्यांना दाखवला. आमचं नाव तोवर फक्त ढोलावर होतं, तेही बापूच्या मेव्हण्यानं ऑईलपेंटनं रंगवलेलं. टाईप केलेलं नाव आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. रक्कमही चांगली, तीन लग्नांच्या सुपारीएवढी. मला त्या दिवशी मास्तरांचा चेहरा बघून बरं वाटलं होतं. पुढं काय वाढून ठेवलंय याची कल्पना असती तर तिथंच चेक परत केला असता!

“मिलिंद, उद्या बँकेत जाऊ,” मास्तर म्हणाले. “आज ऱ्हाऊ दे घरी. म्हातारीला दावतो.”

०००

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आले ते हसतच. पिशवीतून चेक काढून माझ्या हातात दिला. चेक कडक! चकचकीत! वाकवला तर वाकेना.

“मास्तर, हे काय केलं?”

“ल्यामिनेशन! याकोबनं करून आनलं कोपरगावहून. घाम लागून नाव फिस्कटलं म्हंजी?”

त्या काळात लॅमिनेशनचं नवं खूळ होतं. लोक रेशनकार्डापासून जन्मपत्रिकेपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये घालून घेत होते. बँकेतल्या कॅशियरनं चेक काचेखालून आत घेतला, टेबलावर एकदा टक्‌ करून वाजवला आणि काचेखालून परत बाहेर सरकवला.

“याच्यावर शिक्का कुठं मारू? फ्रेम करून भिंतीला लावा!”

पुन्हा मी त्या संस्थेत. हेडक्लार्क तासभर बोलला, ते मी मान खाली घालून ऐकलं. म्हटलं, नवा देताय तर लहानूमास्तरांच्या नावाने द्या. तर म्हणे, “ठराव बँडच्या नावाने झालाय. माणसाच्या नावाने दिला तर ऑडिटवाला मला उभा चिरेल!” अखेर नवा चेक मिळाला, पुन्हा बँडच्याच नावाने. “हा शेवटचा,” त्याने बजावलं. “सहा महिन्यांच्या आत वटला नाही, तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही.”

०००

आता बँक. शाखा लहान, पण मॅनेजरसाहेब कडक. अकोले तालुक्याकडचे, माणूस सज्जन, कधी कुणाचा चहासुद्धा न पिणारे. असल्या माणसाशी भांडताही येत नाही, हीच तर पंचाईत!

साहेबांनी चेक बघितला. “अकाउंट पेयी आहे. या नावाचं खातं आहे का?”

मास्तरांनी स्वतःचं बचत खात्याचं पासबुक पुढं केलं. “हे हाय की.”

“हे लहानू कोंडाजींचं आहे. तुमचं नाव न्यू मोहिनी ब्रास बँड आहे का?”

मास्तरांनी जरा विचार केला. “आता बगा साहेब, बाजारात निघालो तर लोक म्हनत्यात, ‘बँड आला!’ पोराला पोरगी बगाया गेलो तव्हा सोयऱ्यानं इच्यारलं, ‘कुनाचा पोरगा?’ तर लोक म्हनले, ‘बँडचा.’ घरवालीला बी समदे बँडवालीच म्हनत्यात. मंग मी कोन?”

साहेब हसले नाहीत. नियमांचं पुस्तक काढून मला दाखवलं. बँडच्या नावाने चालू खातं उघडावं लागेल, आणि त्यासाठी बँड हा धंदा म्हणून कुठंतरी नोंदलेला पाहिजे. मी म्हटलं, “साहेब, बँड समोर उभा आहे.” ते म्हणाले, “मला दिसतोय. बँकेला दिसत नाही.”

०००

बँकेत साहेबांच्या हाताखाली एक नवीन ऑफिसर होते, फार हुशार. त्यांनी आमचा अर्ज वाचला आणि ‘न्यू’ या शब्दाखाली लाल रेघ मारली.

“हा न्यू मोहिनी. मग जुना मोहिनी कुठं आहे?”

जुना मोहिनी कधी नव्हताच. आमच्या भागात बँड काढला की पुढं न्यू लावतात, एवढंच. दुकान नवं असलं की नारळ फोडतात, तसं.

“जुनी फर्म विसर्जित केल्याचा कागद लागेल,” ऑफिसर म्हणाले. “तिची काही देणी असली म्हणजे?”

मास्तर घाबरले. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “मिलिंद, जुन्या मोहिनीनं कुनाचं काय बुडवलं का रं?”

०००

मग कुणीतरी सांगितलं, शॉप अ‍ॅक्टचं लायसन काढा, काम होईल. तालुक्याला गेलो. तिथले साहेब पान खात खात विचारत होते आणि लिहीत होते.

“दुकान कुठं आहे?”

“दुकान न्हाई. वाद्यं माझ्या पडवीत असत्यात,” मास्तर म्हणाले.

“मग धंदा कुठं करता?”

“रस्त्यावर.”

“कुठल्या?”

“ज्या रस्त्यानं नवरदेव जाईल त्या.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. “बरं, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी?”

“वार न्हाई साहेब. आखाडापासनं तुळशीच्या लग्नापत्तर.”

“ती आठवड्याची सुट्टी झाली?”

“आमाला तेवढी एकच आसती,” मास्तर म्हणाले. “अन् ती बी कुनी मागत न्हाई, गपगुमान पडून जाती.”

लायसन मिळालं नाही. परतीच्या एसटीत मास्तर खिडकीला डोकं टेकून बसले होते. पाऊस नाही, पाणी नाही, आषाढ अर्धा सरलेला, म्हणजे वाजपाचे दिवस संपलेले. चेकचेही दोन महिने सरत आले होते.

०००

ढोलाचा किस्सा तर अख्ख्या गावाला पाठ आहे. मॅनेजरसाहेब एकदा नाइलाजानं म्हणाले होते, “निदान बँडचं नाव छापलेलं काहीतरी आणा. लेटरहेड, बिलबुक, बोर्ड, काहीही.” आमच्याकडं नाव होतं फक्त ढोलावर. बापूनं ढोल घातला गळ्यात आणि आला बँकेत!

वॉचमननं अडवला. “वाद्य आत न्यायचं नाही.”

“वाद्य न्हाई, कागूद हाय ह्यो,” बापू म्हणाला. “साहेबानं मागवलाय.”

पेन्शनचा दिवस होता, रांग दारापर्यंत. ढोल दारात आडवा अडकला. बापूनं ढकलला तर बाकड्याला आपटून धुमकन आवाज झाला. रांगेतल्या एका आजीबाईंनी पदर सावरला आणि विचारलं, “कुनाचं लगीन हाय गं?” कॅशियरची मोजणी चुकली, तो पुन्हा पहिल्यापासून. साहेब केबिनच्या बाहेर आले. ढोलाभोवती एक चक्कर मारली, नाव वाचलं, आणि अगदी शांतपणे म्हणाले,

“वाचलं. पण हे मी फाईलला कसं लावू?”

०००

यापुढचा किस्सा हसण्यावारी नेता येत नाही. तरी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बँकेच्या अर्जात एक रकाना होता, मालकाचं नाव. मी आपला सरळ लिहायला गेलो, लहानू कोंडाजी. बापू शेजारी उभा होता. “थांब,” तो म्हणाला. “मालक कसं काय? ढोल माझा हाय.”

याकोब म्हणाला, “ट्रंपेट माझा.”

खुळखुळेवाला म्हणाला, “खुळखुळा माझा!”

ड्रेस नगरहून भाड्याने आणलेले, त्यांचा मालक भलताच. नाव बापूच्या मेव्हण्याने लिहिलेलं. इतकी वर्षं एकत्र वाजवलं, एका ताटात जेवलो, पण बँड कुणाचा, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. बँकेच्या एका रकान्यानं तो आणला. त्या संध्याकाळी मास्तरांच्या पडवीत असे आवाज चढले की शेजारपाजारचे जमा झाले.

बापूचं चुकत होतं असंही म्हणवत नाही. दोन दिवसांच्या त्या वाजपाची कमाई कुणाच्याच घरी पोचली नव्हती. श्रीरामपूरचा एक मोठा बँड त्याला बोलवत होता, रोजच्या रोज रोख देणारा. बापू उठला आणि म्हणाला,

“मास्तर, दिवाळीपत्तर वाट बगतो. त्यो कागूद सुटला तर ठीक. न्हाईतर म्या ढोल घेऊन चाललो श्रीरामपूरला. ढोल गेला तर नाव बी गेलं, ते बी माझ्याच ढोलावर हाय!”

सगळे गेल्यावर मास्तर कॉर्नेट पुसत बसले, पुसायला काही नव्हतं तरी. मग मला म्हणाले, “बापूबिगर वाजवायचं कसं, त्ये मला न्हाई येत मिलिंद.” मला फार वाईट वाटलं. त्या चेकचा मला तिटकारा आला होता. पण तो वटला नाही तर बँड मोडणार, हे आता आम्हा दोघांनाही कळलं होतं.

०००

मॅनेजरसाहेबांनी शेवटची वाट दाखवली. “लायसन नाही, ठीक आहे. बँकेचा एखादा जुना, प्रतिष्ठित खातेदार सही करून सांगू दे की ही माणसं याच नावाने धंदा करतात आणि मी यांना ओळखतो. अर्जावर मालक म्हणून लहानूंचं नाव घाला, खाली बाकीच्यांच्या संमतीच्या सह्या घ्या. मी वर कळवून बघतो.”

संमतीला बापूसुद्धा तयार झाला, अंगठ्याला शाई लावून मोकळा. राहिला प्रतिष्ठित खातेदार. ते तर गावात रग्गड! आम्ही एकेकाच्या दारात गेलो.

डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नात आम्ही वाजवलं होतं. ते म्हणाले, “मी बँडला ओळखतो हो, पण बँकेच्या कागदावर नको.” किराणावाल्या शेठजींच्या घरी तीन वराती आम्ही वाजवल्या होत्या. ते म्हणाले, “सही सोडून काहीही मागा.” सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या विजयी मिरवणुकीत आमच्या याकोबचा ओठ फुटला होता. चेअरमनसाहेब विचारात पडले आणि म्हणाले, “मिरवणूक निघाली होती हे मी लिहून देतो. वाजवत कोण होतं, ते गुलालात मला दिसलं नाही!”

०००

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली आणि लग्नसराई उघडली. चेकची मुदत संपायला आठवडासुद्धा उरला नव्हता. बापूनं श्रीरामपूरला निरोप धाडला होता, पुढच्या बाजारापासून येतो म्हणून.

अशात एक सुपारी आली. सुपारी कुणाची, तर मॅनेजरसाहेबांची! त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न, अकोले तालुक्यात त्यांच्या मूळ गावी. एवढा मोठा साहेब, नगरचा भारी बँड सोडून आम्हाला का बोलावतो, ते कळेना. कॅशियर म्हणाला, “अहो, सहा महिने तुमच्या बँडचं नाव वाचून वाचून त्यांना दुसरा बँड आठवतच नाही!”

टेम्पोतून गेलो. डोंगरातलं गाव, भाताची काढणी झालेली, खाचरांत तणस पसरलेली, हवेत गारवा. बँकेची सगळी मंडळी जीपने आली होती. कॅशियर, लाल रेघवाले हुशार ऑफिसर, वॉचमन, सगळे फेटे बांधून तयार. मुलीचा बाप म्हणून साहेबांची नुसती पळापळ. मुहूर्त दुपारचा.

नवरदेव मारुतीच्या पाया पडला, घोडीवर बसला आणि परण्या निघाला, म्हणजे नवरदेवाची मांडवाकडची मिरवणूक. बापू त्या दिवशी काय वाजवत होता! आमच्यातलं त्याचं ते शेवटचं वाजप, हे बँडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तर एकदाही मागं वळून बघत नव्हते.

आमच्याकडं एक रिवाज आहे. परण्या मांडवाच्या दाराशी आला की बँड थांबतो. वधूबाप पुढं येतो, उरलेली सुपारी आणि टॉवेल-टोपी देतो. मग बँड आत शिरायची चाल धरतो, आणि ती चाल वाजल्याखेरीज नवरदेव घोडीवरून पाय खाली टाकत नाही. मोठमोठे लोक त्या दारात आमच्यासमोर दोन मिनिटं उभे राहतात. पुढं वर्षभर मग आम्ही त्यांच्यासमोर उभे असतो.

मांडवाच्या दारात मास्तरांनी हात वर केला. बँड थांबला. साहेब लगबगीनं पुढं आले, हातात पाकीट, वर टॉवेल-टोपी.

“घ्या मास्तर. छान वाजवलंत!”

मास्तरांनी हात पुढं केला नाही.

“साहेब, एक इच्यारायचं हुतं. ह्ये वाजवलं कुनी?”

“म्हणजे? तुम्ही!”

“म्या तर नुसता लहानू कोंडाजी. बचत खातंवाला. वाजवलं कुनी?”

आतून भटजी ओरडले, “मुहूर्त! मुहूर्त!” नवरदेवाची घोडी पाय आपटू लागली. नवरदेवाच्या बापानं साहेबांकडं असं बघितलं की साहेबांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या क्लॅरिनेटकडं बघितलं. आम्ही काही ठरवून आलो नव्हतो, शप्पथ! मास्तर असं काही करतील हे मलाच काय, त्यांना स्वतःलाही सकाळी ठाऊक नसावं.

“बँडनं वाजवलं,” साहेब हळूच म्हणाले.

“कंच्या?”

“न्यू मोहिनी ब्रास बँड.”

“घोडीपत्तर आवाज गेला न्हाई साहेब.”

साहेबांनी फेटा सावरला, एकदा मांडवाकडं बघितलं, एकदा मुलीच्या सासऱ्याकडं, आणि सगळा मांडव वळून बघेल अशा आवाजात ओरडले, “न्यू मोहिनी ब्रास बँड!”

“तुमी वळखता त्यांला?”

“ओळखतो!”

“सोमवारी बँकेत इच्यारलं तर हेच सांगताल?”

साहेब मास्तरांकडं बघत राहिले. आयुष्यात कुणाचा चहा न प्यालेला माणूस! क्षणभर मला त्यांचीच दया आली.

“सांगेन,” ते म्हणाले. “खातेदार म्हणून मीच सही करीन. माझंही खातं आहे तिथं.”

मास्तर कॅशियरकडं वळले. “ऐकलं का, साहेब?”

“ऐकलं,” कॅशियर म्हणाला. “म्यापन!” मागून वॉचमन ओरडला. हुशार ऑफिसरनंही मान हलवली.

बापूनं ढोलाचा पट्टा खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

“मास्तर,” साहेबांनी हातच जोडले, “मुहूर्त टळतोय. आता तरी वाजवा!”

मास्तरांनी कॉर्नेट ओठाला लावला, पुन्हा काढला.

“वाजवतो की साहेब. आता बँड हाय!”